आईचा हात आणि सिराक्यूजचे पाच दिवस

इटलीतल्या सिराक्यूजला जायचं मी ठरवलं ते रागाच्या भरात. लोक भूमध्य समुद्राच्या काठी ऊन खायला जातात, मी आईशी भांडायला निघाले होते.

राग माझ्या नाकावरच असतो असं घरातले सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण हा राग चार वर्षांचा होता. लग्न होऊन लंडनजवळच्या बेसिंगस्टोकला आल्यापासून मी दर हिवाळ्यात पुण्याला जाते आणि परत निघताना आई माझी ओटी भरायची. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय, नवरा घड्याळ बघतोय, आणि आई मला शांतपणे पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसवणार, हळदकुंकू लावणार, ओंजळीने तांदूळ, वर नारळ, हळकुंड, सुपारी आणि ब्लाउजपीस. मी जीन्समध्ये असले तरी ओढणीचा पदर करून पुढे धरायची. त्यातले चार दाणे परत आईच्या ताटात टाकायचे, म्हणजे माहेरचं भांडं रिकामं होत नाही. तो नारळ मी दरवर्षी विमानतळावर टॅक्सीवाल्याला देऊन टाकायचे. देवाधर्माचं मला फारसं काही नाही, पण आईचा तांदळाने भरलेला हात ओढणीत रिकामा झाल्याशिवाय आपण निघालो असं मला वाटायचंच नाही.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर मी पहिल्यांदा निघाले तेव्हा आईने शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. काकूंनी हळदकुंकू लावलं, काकूंनी तांदूळ घातले, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात पदर खांद्यावर घेऊन उभी राहिली. काकूंबद्दल माझी काही तक्रार नाही, त्या फार मायाळू आहेत. पण मी त्यांची मुलगी नव्हते.

आणि आई म्हणजे कोण, तर तीस वर्षं बँकेत नोकरी केलेली, अजून पहाटे पोहायला जाणारी, विजेचं बिल फोनवरून भरणारी बाई. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सासरचं कोणी उरलंच नव्हतं सांगायला. टिकली तिने स्वतः काढली, हळदीकुंकवाची बोलावणी स्वतः बंद केली आणि विधवेच्या हाताने ओटी भरायची नाही हा नियम स्वतःच स्वतःला लावून घेतला. या जानेवारीत मी चौथ्यांदा काकूंसमोर बसले आणि उठल्यावर तिला आत जाऊन विचारलं, की तू का नाही भरत. ती म्हणाली, "माझ्या हाताने नको गं. तुझं काही वाकडं व्हायला नको." मी टॅक्सीत बसले आणि लंडन येईपर्यंत धुमसत होते. नवऱ्याच्या पाठोपाठ आईचा हातही माझ्याकडून कोणीतरी काढून घेतला होता, असं काहीसं मी विमानात मनाशी बोलले. नवऱ्याच्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, माझ्या बाबांच्या. रागात माझी वाक्यं अशी गडबडतात.

एप्रिलमध्ये ती नेहमीप्रमाणे आमच्याकडे राहायला येणार होती. मी तिला फोनवर सांगितलं की युरोपचाही व्हिसा काढून ये. मे महिन्यात मुलाच्या जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, परीक्षा होत्या, नवरा म्हणाला तुम्ही दोघी जा, घर शांत राहील. पडत्या फळाची आज्ञा. कोणी ओळखीचं नाही, काकू नाहीत, मंडळातल्या बायका नाहीत, अशा ठिकाणी तिला नेऊन एकदाचं बोलायचं, एवढाच माझा बेत होता. गॅटविकहून विमान, मग कटानियाहून बस, आणि दुपारी चारच्या सुमारास आम्ही सिराक्यूजच्या जुन्या भागात, ऑर्टिजिया नावाच्या त्या चिमुकल्या बेटावर पूल ओलांडून पाऊल टाकलं.

आणि तिथे गेल्यावर मला भांडताच येईना.

ते गाव मला अजून जागेपणी पाहिल्यासारखं आठवत नाही. सगळी घरं एकाच पिवळसर दगडाची, आणि तो दगड दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी हळूहळू सोडत असल्यासारखा. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागावेत. कुठल्याही गल्लीत शिरलं की शेवटी समुद्रच. आई चालता चालता थांबायची, वाळत घातलेल्या चादरींकडे मान वर करून बघायची आणि म्हणायची, "पुन्हा तिकडेच आलो का गं आपण?" आम्ही तिकडेच आलेलो असायचो किंवा नसायचो, काही फरक पडत नव्हता. बेसिंगस्टोकमध्ये माझा दिवस पंधरा पंधरा मिनिटांच्या मीटिंग्जमध्ये कापलेला असतो. इथे सकाळ कधी संपली ते कळायचं नाही. दुपारी सगळं गाव दारं लावून झोपायचं, उघड्या खिडकीतून कुठेतरी ताटल्या धुतल्याचा आवाज यायचा, आणि आम्ही दोघी पांढऱ्या पलंगावर पडून छताकडे बघत राहायचो. आईचे केस मोकळे असायचे. बाबा गेल्यापासून ती दुपारची झोपत नव्हती, पण तिथे झोपली.

सकाळी न्याहारीला तिथले लोक बदामाचा बर्फ खातात, गोड पावाबरोबर. "सकाळी सकाळी गोळा!" असं म्हणून आईने पहिल्या सकाळी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी तयार होऊन बसली होती.

गावाच्या मधोमध मोठं चर्च आहे. त्याच्या भिंतीत जाडजूड खांब अर्धे बाहेर आलेले दिसतात. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे ग्रीकांच्या देवीचं देऊळ होतं, पुढच्यांनी ते न पाडता खांबांच्या मधली जागा भिंतीने बुजवली आणि आपला देव आत आणला. मी हे आईला वाचून दाखवलं. तिने एका खांबावर तळवा ठेवला, तसाच छातीला लावला आणि म्हणाली, "देवी आहे म्हणजे अजून." नंतर आम्ही समुद्राला अगदी लागून असलेल्या गोड्या पाण्याच्या कुंडापाशी गेलो. कुंडात उंच हिरवी लव्हाळी, बदकं, आणि दहा पावलांवर खारं पाणी. तिथे गोष्ट सांगतात की दूर ग्रीसमधली एक जलदेवता पाणी झाली, समुद्राच्या तळाखालून वाहत आली आणि इथे वर निघाली. आई कठड्याला टेकून किती तरी वेळ बघत राहिली. शेवटी म्हणाली की समुद्राखालून आली आणि तरी खारट झाली नाही, कमाल आहे. आभाळात पाकोळ्यांचे थवे गोल गोल फिरत होते. मला वाटलं आत्ता बोलावं, पण माझं तोंड उघडलं नाही. संध्याकाळचा तो उजेड बिघडवायची हिंमत माझ्यातही नव्हती.

बोलायला निमित्त झालं घरमालकीण. आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो आणि ती खाली. ऐंशीच्या पुढची असावी, ठेंगणी, कमरेत जरा वाकलेली आणि पायापासून गळ्यापर्यंत काळ्या कपड्यात. तिला इटालियनशिवाय काही येत नव्हतं. मी फोनवर भाषांतर करून बोलायचे. आई मात्र तिच्याशी सरळ मराठीत बोलायची आणि दोघींचं छान चालायचं. तिच्या दिवाणखान्यात एका मिशीवाल्या माणसाचा फोटो होता आणि खाली इवलासा दिवा. तो गेल्याला पंचवीस वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती काळंच घालत होती, हे तिने मला फोनमधून सांगितलं आणि मी आईला.

तिसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण करून आम्ही बदामाचा बर्फ घेऊन गच्चीत बसलो होतो. आई म्हणाली, "पंचवीस वर्षं काळं! इतक्या उन्हाच्या गावात. कशाला असं करायचं बाई स्वतःला, कोण बघतंय?"

माझ्या जिभेला हाड नाहीच. मी म्हटलं, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं तुला, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ नाही दिसत. ती काळे कपडे घालते, त्याने निदान दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. तुझ्या हट्टाने माझं जातं. मग चार वर्षांचं सगळं मी त्या गच्चीत ओतलं. काकू, पाट, स्वयंपाकघराचं दार, सगळं. शेवटी म्हणाले की बाबा गेले तेव्हा मी एकाला गमावलं असं लोकांना वाटतं, मी दोघांना गमावलंय, आणि दुसरी माझ्यासमोर बसून बर्फ खातेय.

आईने ताटल्या उचलल्या, आत नेऊन धुतल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी जिंकले होते आणि मला कमालीचं वाईट वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी एकटीच बाहेर पडले. बेटाच्या टोकाला किल्ला आहे, तिथपर्यंत गेले, खडकावर बसले. पाण्याचा रंग जवळ हिरवा आणि लांब निळा, मधे कुठेच रेघ नाही. म्हाताऱ्या बायका खडकावरून लोखंडी शिडीने समुद्रात उतरत होत्या आणि मानेपर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत होत्या. मला त्यांचं बोलणं कळत नव्हतं, पण ते माझ्या झोपेत चालू असल्यासारखं ऐकू येत होतं. मी बराच वेळ तिथे होते. आपण आईला इतक्या लांब आणून कोपऱ्यात गाठलं, ही लाज मला तिथे बसूनच वाटली.

परत आले तर आई वर नव्हती. खाली घरमालकिणीच्या अंगणात दोघी समोरासमोर बसून हिरव्या पावट्यासारख्या मोठ्या शेंगा सोलत होत्या. आईने मला बघितलं आणि काल काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "बरं झालं आलीस. तिला विचार, हे काळं घालायला तिला कोणी सांगितलं होतं का?"

मी फोन काढला आणि विचारलं. घरमालकिणीने हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि मग उत्तर दिलं. मी वाचून दाखवलं, "म्हणतेय, कोणीच नाही. पहिल्या वर्षी घातलं, मग काढायचा दिवस कोणता ते कळलंच नाही."

आईने ते ऐकलं आणि मान हलवली. दोघींनी ती टोपली संपवली, मीही बसले आणि तिघींमध्ये मी सगळ्यांत हळू होते.

पाचव्या दिवशी निघायचं होतं. प्रवासात बरं दिसतं म्हणून आईने सुती साडी नेसली होती. आम्ही किल्ली द्यायला खाली आलो, तर घरमालकीण आतून वेताची मोठी परडी घेऊन आली. तिच्या भावाच्या बागेतली लिंबं होती, फिकट पिवळी, पानांसकट. पिशवी म्हणून काही नव्हतं आणि आमच्या बॅगा बंद झाल्या होत्या. तिने परडी पुढे केली आणि आईने, विचार न करता, जन्मभराच्या सवयीने, दोन्ही हातांनी पदर पुढे धरला.

घरमालकिणीने त्या पदरात एक एक करून पाच लिंबं घातली. मग मूठभर बदाम. मग टाचा उंचावून आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. आपण काय करतोय याची त्या बाईला काही कल्पना नव्हती. पण आईला होती. ती तशीच उभी राहिली, पदर धरून. मग तिने काय करावं? ओटीतलं थोडं परत द्यायचं असतं, म्हणून एक लिंबू उचलून परडीत ठेवलं. घरमालकिणीला वाटलं, हिला संकोच वाटतोय. तिने ते पुन्हा पदरात टाकलं. आईने पुन्हा परडीत ठेवलं. घरमालकीण आता जरा रागावली आणि दोन लिंबं टाकली. असं तीन चार वेळा झालं. शेवटी मी फोनमध्ये लिहिलं की आमच्याकडे देणाऱ्याचं घर रिकामं होऊ नये म्हणून थोडं परत देतात. तिने ते चष्मा चढवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ते एक लिंबू उचलून मिशीवाल्याच्या फोटोसमोर नेऊन ठेवलं.

माझ्या ओठांवर वाक्य आलं होतं. बघ, एका विधवेने तुझी ओटी भरली आणि आभाळ कोसळलं नाही. इतकं तयार, इतकं धारदार वाक्य मला क्वचित सुचतं. मी ते गिळलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी वेळेवर गिळली असेन. बसमध्ये आई मांडीवर लिंबं घेऊन खिडकीबाहेर बघत होती, आणि मी झोपेचं सोंग घेतलं.

बेसिंगस्टोकला परत आल्यावर ढग होते, ऑफिस होतं, मुलाचे पेपर होते. लिंबांचं आईने लोणचं घातलं. सिराक्यूजचा विषय निघाला की ती बदामाच्या बर्फाबद्दल बोलायची, खांबांबद्दल बोलायची. दुसरं काही नाही. मीही विचारलं नाही. जुलैच्या सुरुवातीला तिचं परतीचं तिकीट होतं आणि यावेळी निघणार ती होती, मी नाही, त्यामुळे ओटीचा प्रश्नच नव्हता. आई आपल्या घरी जाते तेव्हा मुलीची ओटी कोणी भरत नाही. मी मनातल्या मनात तो विषय मिटवून टाकला होता, निदान तसं स्वतःला सांगत होते.

हीथ्रोला जाताना ती म्हणाली, हाउन्सलोला इंडियन दुकानापाशी दहा मिनिटं थांब. मी कुरकुरले, की पुण्याला जाणारी बाई हाउन्सलोमध्ये काय खरेदी करणार, तिकडे पार्किंग किती वाईट आहे माहिती आहे ना. ती गाडीतून उतरून गेली आणि काळी पिशवी घेऊन आली. मला वाटलं काहीतरी खायला घेतलं असेल.

चेक-इन झालं, मोठी बॅग गेली. सिक्युरिटीच्या अलीकडे काचेपाशी जरा मोकळी जागा होती, तिथे तिने ट्रॉली थांबवली.

"पूर्व कुठली?" तिने विचारलं.

मला कळेना. मी फोनवर होकायंत्र उघडलं आणि विमानांकडे बोट दाखवलं. तिने मला खांद्यांना धरून तिकडे वळवलं, माझ्या गळ्यातला स्टोल काढून माझ्याच हातात दिला आणि म्हणाली, धर. मग पिशवीतून झिप बॅगेत भरलेले तांदूळ निघाले, माझ्याच स्वयंपाकघरातले. हळकुंड, सुपारी आणि नारळ हाउन्सलोचे. हळदकुंकवाची डबी तिच्या पर्समध्ये होती. तिने माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं आणि ओंजळ भरली. स्टोलमध्ये घालताना अर्धे तांदूळ टर्मिनलच्या फरशीवर सांडले. ट्रॉल्या बाजूने जात होत्या. एक सफाईवाला थांबून बघत होता, पण त्याने झाडू पुढे आणला नाही. मी रडत होते, आवाज न करता, आणि नाक पुसायला हात मोकळे नव्हते.

शेवटी तिने हँडबॅगेतून ब्लाउजपीस काढला. हिरव्या खणाचा, काठाला लाल रेघ, पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानाची घडी आणि लेबल तसंच.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

"एप्रिलमध्येच आणला होता," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज. तू गच्चीत बोललीस ना, तेव्हाही बॅगेतच होता."

मला त्या क्षणी माझ्या सगळ्या रागाचं काय करावं ते कळेना. मी तिला ज्या दाराकडे ढकलत होते त्या दारापाशी ती माझ्या आधीच येऊन उभी होती, आणि मी तिच्या पाठीवर मुठी आपटत होते. मी एका हाताने स्टोल छातीशी घट्ट धरला, दुसऱ्या हाताचं बोट डबीत बुडवलं आणि तिच्या कपाळाकडे नेलं. हळदकुंकू घेतलं की उलट लावायचं असतं, हे तिनेच मला शिकवलं होतं.

तिने माझं मनगट धरलं. ढकललं नाही, सोडलंही नाही. माझं लाल बोट तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर राहिलं.

"आज एवढंच जमलं बघ," ती म्हणाली.